निवड एका दिवसाची, निभावणी जन्माची

आपल्या बहुतेक घरांत एखादी तरी वृद्ध स्त्री असते. कोणाची आजी, कोणाची आत्या, कोणाची मावशी. कोणी तरुणपणीच विधवा झालेली, कोणी लग्नच न केलेली, कोणी मुले शहरास गेल्यामुळे चार भिंतींत एकटी राहून स्वतःची भाकर स्वतः थापणारी. तिची विचारपूस आपण करीत नाही असे नाही. "जेवलीस का?", "गुडघा कसा आहे?", "औषध घेतलेस ना?" एवढे विचारून झाले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपणांस वाटते. परंतु "आजी, त्या वेळी तू तसे का केलेस? आज मागे वळून पाहताना तुला काय वाटते?" असे विचारणारा मनुष्य विरळा. ती चूल पेटविते, कोंबड्यांना दाणे टाकते, नातवंडांचे कपडे वाळत घालते. आणि तिने आयुष्यात काय निवडले व काय सोडले, याचा सारा हिशेब तिच्याबरोबरच एके दिवशी मातीआड होतो.

मराठी वाचकांचे भाग्य असे की, काही स्त्रियांनी हा हिशेब लिहून ठेविला. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहो त्या दोन स्त्रिया मात्र आंध्र प्रांतातील आहेत, आणि दोघींचीही आयुष्ये हैदराबाद शहराशी जोडलेली आहेत. हे शहर आपणांस परके नाही. मराठवाड्यातील आपली गावे १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यातच होती, आणि आजही त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत. शिवाय ह्या दोघींपैकी एक तर महाराष्ट्राची सूनच होय.

आठव्या वर्षीचे लग्न

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्री येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी एका सधन घरातील मुलाशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. त्या काळी हे काही नवल नव्हते. मुलगी वयात येईपर्यंत माहेरी राहावयाची आणि मग सासरी जावयाची, अशी रीत होती. परंतु ही मुलगी माहेरी राहून नुसती वाट पाहत बसली नाही. ती हिंदी शिकली आणि शेजारपाजारच्या बायकांना शिकवू लागली. १९२१ साली गांधीजी काकिनाड्यास आले, तेव्हा देवदासींची व पडद्यातील मुसलमान स्त्रियांची गाठ त्यांच्याशी घालून द्यावयाची असा ध्यास ह्या बारा वर्षांच्या पोरीने घेतला. "पाच हजारांची थैली जमव, मग पाहू," असे तेथील मंडळींनी सांगितले. त्यांनी बहुधा थट्टेने सांगितले असेल, पण तिने थैली जमविली आणि सभाही घडवून आणली.

दोन वर्षांनी काकिनाड्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून ती उभी होती. तिकिटावाचून कोणास आत सोडू नये, असा तिला हुकूम होता. पंडित जवाहरलाल नेहरू आले. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते. तिने त्यांनाही अडविले, आणि तिकीट आणल्यावरच आत जाऊ दिले.

अशा मुलीने पंधराव्या वर्षी, सासरी पाठवणी होण्याची वेळ आली तेव्हा, आपण या संसारास योग्य नाही, आपला मार्ग निराळा आहे, असे पतीला स्पष्ट सांगितले आणि त्याने दुसरे लग्न करावे असे सुचविले. घरच्या माणसांनी तिला साथ दिली. पुढे त्या गृहस्थांनी खरोखरच दुसरा संसार थाटला.

येथे पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. विवाहबंधन ही खेळण्याची वस्तू नव्हे, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु आठ वर्षांच्या पोरीने दिलेली संमती म्हणजे संमती नव्हे, हेही तितकेच खरे. आपल्या स्वतःच्या धर्मनियमांतही वधूवरांनी समजून-उमजून, कोणाच्या जबरदस्तीवाचून दिलेला होकार हाच विवाहाचा पाया मानिला आहे. तेव्हा ह्या मुलीला बेजबाबदार म्हणण्यापूर्वी तिची पुढील हकीकत ऐकावी.

दुर्गाबाईंचे ते पहिले पती १९४१ साली वारले. त्यांच्या पाठीमागे त्यांची दुसरी पत्नी निराधार झाली. विधवेच्या वाट्याला येणारे सारे भोग तिच्याही वाट्याला आले. तेव्हा दुर्गाबाईंनी तिला आपल्याकडे आणिले, तिला हातकामाचे शिक्षण मिळेल अशी व्यवस्था केली आणि तिला स्वतःच्या पायांवर उभे केले. लोकरीतीप्रमाणे पाहिले तर त्या दोघींचे नाते काय? सवतीचे म्हणावे तर तेही नाही. परंतु आपल्या एका नकारामुळे ज्या घराची घडी निराळी पडली, त्या घरातील बाई उघड्यावर पडली असता आपण अंग काढून घ्यावयाचे नाही, एवढे दुर्गाबाईंना कळत होते. पंधराव्या वर्षी केलेल्या निवडीचे देणे त्यांनी तिशी उलटल्यावर असे फेडले.

तुरुंगात मिळालेला धडा

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात दुर्गाबाई मद्रासेस पुढे होत्या. पुढील काही वर्षांत त्यांना एकाहून अधिक वेळा तुरुंगवास घडला. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी साध्या गुन्हेगार बायका पाहिल्या. त्यांतील कित्येकींना कायद्याचा गंध नव्हता. आपल्यावर आरोप कोणता, आपण काय बोलतो आणि त्याचा परिणाम काय होईल, हेही त्यांना समजत नव्हते. कोणी सांगेल त्यावर अंगठा उठवून त्या शिक्षा भोगीत होत्या. आपण वकील व्हावे आणि अशा बायकांच्या बाजूने उभे राहावे, हा विचार दुर्गाबाईंच्या मनात तेथे रुजला. मदुरेच्या तुरुंगात तर त्यांना एकांतवास भोगावा लागला. जवळच्या कोठड्यांत फाशीचे कैदी असत. तेथील दिवसांनी त्यांची प्रकृती खचली.

सुटून आल्यावर, राजकारणात मानाची जागा मिळत असताना, त्या शाळेच्या पुस्तकांकडे वळल्या. हा निर्णय सोपा नव्हता. बरोबरीच्या बायका मुलाबाळांत रमलेल्या, आणि ही बाई मॅट्रिकच्या परीक्षेस बसते आहे! बनारसच्या विद्यापीठातून त्या मॅट्रिक झाल्या. पुढे वॉल्टेअरला आंध्र विद्यापीठात बी. ए. करावयाचे तर मुलींसाठी वसतिगृह नाही, अशी अडचण निघाली. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अशाच अडलेल्या मुली गोळा केल्या आणि वसतिगृह स्वतःच उभे केले. १९४२ साली त्या मद्रासेस वकील झाल्या. पुढे घटना समितीच्या त्या सदस्य होत्या. स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी त्यांनी तेथे आग्रह धरिला. १९५२ साली त्या नियोजन मंडळावर गेल्या आणि १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

ह्या साऱ्या मानमरातबाची यादी आम्ही लांबवीत नाही. आमच्या दृष्टीने त्यांचे खरे काम निराळे आहे. स्वतः परीक्षेची तयारी करीत असतानाच त्यांनी मद्रासेस १९३७ साली 'आंध्र महिला सभा' ही संस्था काढली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या, विधवा, टाकलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या बायकांना थोड्या अवधीत मॅट्रिकपर्यंत नेऊन सोडावयाचे, हा त्या संस्थेचा एक मुख्य उद्योग होता. पुढे १९५८ पासून समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी देशभर जे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविले, त्यांत हाच विचार दिसतो. आंध्र महिला सभेचे काम पुढे हैदराबादेत वाढले. उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात तिचे महिला महाविद्यालय आहे, आणि विद्यानगरात दुर्गाबाईंच्या नावाचे रुग्णालय आहे.

महाराष्ट्राची सून

दुर्गाबाईंच्या आयुष्यातील दुसरी मोठी निवड १९५३ साली झाली. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस होते. देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्या २२ जानेवारी रोजी विवाहबद्ध झाल्या. साक्षीदारांत पंडित नेहरूही होते. प्रदर्शनाच्या दारावर ज्यांना अडविले तेच.

चिंतामणराव हे महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संस्कृतचे रसिक, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणारे बाणेदार गृहस्थ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांची पहिली पत्नी १९४९ साली वारली होती. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर केलेल्या लग्नाकडे आपल्याकडे लोक तोंडाला पदर लावून पाहतात. परंतु पंधराव्या वर्षी जिने लग्न नाकारिले तिनेच त्रेचाळिसाव्या वर्षी ते पत्करिले, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. पहिल्या वेळी तिला कोणी विचारिले नव्हते. दुसऱ्या वेळी तिने स्वतः विचार करून होकार दिला. आणि हा होकार तिने निष्ठेने पाळिला. दोघांना मूलबाळ झाले नाही; संस्था हीच त्यांची लेकरे झाली. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. चिंतामणरावांनाही त्याच वर्षी तो मिळाला.

उतारवयात हे जोडपे हैदराबादेस येऊन राहिले. १९८० साली दुर्गाबाईंचे 'चिंतामण अँड आय' हे इंग्रजी आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावातच पतीचे नाव आधी आहे आणि 'मी' नंतर आहे. जिला सारे जग स्वतंत्र बाण्याची म्हणून ओळखते, तिने असे नाव द्यावे, याचा आपल्या तरुण वाचकांनी जरूर विचार करावा. आपल्या बालविवाहाची, नकाराची, तुरुंगाची आणि उशिरा लाभलेल्या संसाराची हकीकत त्यांनी झाकून ठेविली नाही. पुढच्याच वर्षी, ९ मे १९८१ रोजी, त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावही हैदराबादेतच गेले.

ओसाड पूल

आता दुसऱ्या स्त्रीकडे वळू. कोंडपल्ली कोटेश्वरम्मा यांचा जन्म १९१८ साली कृष्णा जिल्ह्यातील पामर्रू गावी झाला. त्यांचे पहिले लग्न इतक्या लहानपणी झाले की, ते झाले हेही त्यांना आठवत नव्हते. आणि लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच त्या विधवा झाल्या. पुढे सुधारणेच्या वातावरणात कोंडपल्ली सीतारामय्या यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. दोघेही कम्युनिस्ट चळवळीत गेले. कोटेश्वरम्मांचा गळा गोड होता. सभांतून त्या गात. तेलंगणाच्या लढ्याच्या दिवसांत त्यांना भूमिगत राहावे लागले.

त्यांच्या राजकीय मतांशी आमचा संबंध नाही, आणि ती मते आम्हांस मान्य आहेत असेही नाही. परंतु पुढे जे घडले ते कोणत्याही मताच्या माणसाच्या काळजाला चटका लावील. पतीने त्यांना सोडिले. पदरी दोन मुले, हातात शिक्षण नाही, माहेरचा आधार तुटपुंजा. अशा वेळी पस्तिशी उलटलेली ही बाई हैदराबादेस आली आणि आंध्र महिला सभेत मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसली. वाचकहो, दुर्गाबाईंनी उघडलेले दार ते हेच. एकीने स्वतःला लागलेल्या ठेचेवरून रस्ता केला, आणि जिच्याशी तिची काही ओळख नाही, विचारही जुळत नाहीत, अशी दुसरी त्या रस्त्याने चालत गेली.

मॅट्रिक होऊन कोटेश्वरम्मा काकिनाड्यास मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करणाऱ्या बाई म्हणून नोकरीस लागल्या. पोरींचे जेवणखाण, त्यांची आजारपणे, रात्रीची कुलुपे, महिन्याचा हिशेब, असे ते काम. त्यातूनच वेळ काढून त्या गाणी व गोष्टी लिहीत. पुढे नियतीने त्यांच्यावर एकामागून एक घाव घातले. नक्षलवादी चळवळीत गेलेला मुलगा परत आला नाही. डॉक्टर झालेली मुलगी, तिच्या पतीच्या निधनानंतर, तीही गेली. आजीने नातींना सांभाळिले. उतारवयात काही काळ त्या हैदराबादेत वृद्धाश्रमात राहिल्या.

अनेक वर्षांनी, थकलेल्या व आजारी पतीने भेटण्याची इच्छा दर्शविली. प्रथम त्यांचे मन तयार होईना. ज्या माणसाने ऐन उमेदीत वाऱ्यावर सोडिले, त्याच्याकडे म्हातारपणी कोणत्या तोंडाने जावे? पण शेवटी त्या गेल्या. क्षमा म्हणजे झाले ते झालेच नाही असे म्हणणे नव्हे. झाले ते पुरते ठाऊक असूनही उठून जाणे, ही क्षमेची वाट आहे. प्रवचनातून आम्ही हे पुष्कळ वेळा सांगतो; ह्या बाईने ते करून दाखविले.

२०१२ साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे तेलुगू आत्मचरित्र 'निर्जन वारधि' प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ ओसाड पूल. २०१५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पूल हा इतरांना पलीकडे नेण्यासाठी असतो. माणसे पार होतात आणि पूल मागे एकटा राहतो. वसतिगृहातील किती मुली ह्या पुलावरून पलीकडे गेल्या असतील! १९ सप्टेंबर २०१८ रोजी, वयाची शंभर वर्षे पुरी करून, विशाखापट्टण येथे त्यांनी देह ठेविला.

आपल्या घरासाठी बोध

ह्या दोन चरित्रांत एक गोष्ट सारखी आहे. दोघींनीही एकेका क्षणी मोठी निवड केली, किंवा परिस्थितीने ती त्यांच्यावर लादली. परंतु त्या क्षणाने त्यांचे जीवन ठरविले असे आम्हांस वाटत नाही. जीवन ठरले ते नंतरच्या हजारो साध्या दिवसांनी. परीक्षेची पुस्तके, वसतिगृहाचा बाजारहाट, निराधार बाईसाठी लिहिलेली शिफारसपत्रे, नातींच्या वेण्या ह्यांनी ते दिवस भरलेले होते. चांगली निवड करूनही पुढे हातपाय गाळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आणि चुकलेल्या किंवा लादलेल्या वाटेवरही नेटाने चालून तिला सन्मार्ग करणारी माणसेही पाहिली आहेत. निवड एका दिवसात होते, निभावणीस मात्र जन्म लागतो.

आमच्या तरुण भगिनींना आम्ही एवढेच सांगू की, स्वातंत्र्य घ्यावयाचे तर त्याबरोबर येणारे देणेही घ्यावे. आपल्या 'नाही'मुळे कोणास दुखावले असेल तर त्याला विसरू नये. आपणांस जे दार मोठ्या कष्टाने उघडावे लागले, ते मागून येणारीसाठी उघडेच ठेवावे. आईबापांना आमचे सांगणे असे की, मुलीचा होकार खरोखर तिचा आहे की आपल्या धाकाचा आहे, हे लग्नाची तारीख धरण्यापूर्वी शांतपणे पाहावे. आज कायद्याने मुलीचे वय अठरा वर्षे पुरे लागते. परंतु धाक अठराव्या वर्षीही संपत नाही.

आणि ज्या घरांत वृद्ध स्त्रिया आहेत त्यांना आमची विशेष विनंती आहे. लिहावयास येणारी आजी असेल तर तिला एक वही व चांगले पेन आणून द्यावे. लिहिता येत नसेल तर नातवाने जवळ बसून लिहून घ्यावे. आता तर हातातल्या फोनवरही तिचा आवाज टिपून ठेविता येतो. "लहानपणी किती मजा होती, सांग," एवढेच विचारू नये. शाळा का सुटली, लग्न कसे ठरले, शेत विकावयाचे की ठेवावयाचे हे कोणी ठरविले, दुष्काळाच्या वर्षी घरात काय शिजत असे, कोणाला क्षमा केली आणि कोणाला अजून करवत नाही, हेही विचारावे. ती प्रथम हसेल, "माझ्या आयुष्यात काय आहे सांगण्यासारखे?" असे म्हणेल. तिला घाई करू नये. निवडीत बसलेल्या सुपाजवळ किंवा तिन्हीसांजेच्या दिव्याशी, हात कामात असताना, बोलणे आपोआप सुरू होते.

तिच्या बोलण्यात कधी पश्चात्तापाचा सूर लागेल, कधी तक्रारीचा. तिला मध्येच थांबवून उपदेश करण्याचा मोह आवरावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या तिच्या निर्णयाचा न्याय आजच्या मापाने करणे हे आपले काम नाही. आपले काम ऐकण्याचे. ज्या घरात वृद्धांचे ऐकले जाते, तेथील तरुण आपल्या वाट्याची निवड करण्याची वेळ आली म्हणजे एकटे पडत नाहीत. आपल्या आधी ह्या घरातील कोणीतरी असाच प्रसंग निभावून नेला आहे, हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा ह्या आठवड्यात एक संध्याकाळ त्यासाठी अवश्य राखून ठेवावी.